भाषण नको, प्रसंग लिहा : पटकथा लिहू पाहणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी

‘जयभीम दादा, माझ्याकडे एक जबरदस्त स्टोरी आहे. पिक्चर निघू शकतो. फक्त कुणाला सांगायची ते कळत नाही.’

असा फोन आम्हाला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. करणारा कधी परभणीचा असतो, कधी वर्ध्याचा, कधी पनवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा. आमचे उत्तर ठरलेले आहे : कुणालाच सांगू नको, आधी लिहून काढ. त्यावर समोरचा हिरमुसतो. त्याला वाटते, ही मंडळी आता मोठी झाली, टाळायला लागली. टाळत नाही बाबा. तोंड पोळले आहे म्हणून सांगतो. कसे पोळले ते आजवर आम्ही जाहीरपणे कुठे सांगितले नव्हते, कारण त्यात आमचाच बावळटपणा जास्त होता. पण गेल्या महिन्यात आलेल्या एका फोननंतर वाटले, एकदाचे सांगून टाकावे.

आम्ही म्हणजे तिघे जण. दोन मुलगे, एक मुलगी. औरंगाबादला नागसेनवनात शिकत असताना एकत्र आलो. पथनाट्ये करायचो. शिष्यवृत्ती रखडली की विद्यापीठाच्या गेटवर, कुठे अत्याचार झाला की क्रांती चौकात. टाळ्या मिळायच्या. टाळ्या मिळू लागल्या की आपल्याला लिहिता येते असा समज होतो. २०११ साली आम्हालाही वाटले की आता थेट सिनेमाच लिहावा.

गोष्ट आमच्यापैकी एकाच्या गावातली होती, जालना जिल्ह्यातली. त्याचा चुलतभाऊ ग्रामपंचायतीत वॉलमन होता. मोटर चालू करायची, टाकी भरायची आणि वस्तीवस्तीच्या लाइनचे वॉल ठरल्या वेळी उघडायचे, बंद करायचे. (गावात व्हॉल्व्हला वॉलच म्हणतात.) पगार तुटपुंजा, तोही चार-चार महिने थकलेला. पण बघा, ज्याच्या आजोबाला गावच्या आडात पोहरा टाकायची मुभा नव्हती, कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल म्हणून आडाजवळ ताटकळत उभे राहावे लागायचे, त्याच्याच नातवाच्या हातात अख्ख्या गावाच्या पाण्याची चावी आली. वाड्यातली बाईसुद्धा त्याला विचारते, ‘आज किती वाजता सोडणार?’ महाडच्या तळ्याची आठवण वेगळी करून द्यायची गरजच नाही, ती गोष्टीतच आहे.

आम्ही महिनाभरात लिहून काढले. एकशे चाळीस पाने. त्यात आमचा नायक मध्यंतराआधी ग्रामसभेत चार पानांचे भाषण करायचा आणि शेवटी टाकीवर चढून सहा पानांचे. मागे निळे आकाश, असेही कंसात लिहून ठेवले होते. लिहिताना आमच्याच अंगावर काटा आला होता.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका राहायचे. चळवळीतला जुना माणूस, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला. पहिले वाचन त्यांच्या ओसरीवर ठेवले. टाकीवरचे भाषण सुरू झाले आणि काका पेंगायला लागले. आम्ही थांबलो तसे डोळे उघडून म्हणाले, ‘बाळांनो, भाषण मी चाळीस वर्षं ऐकतोय. चांगलंच आहे तुमचं. पण त्या पोरानं पाणी सोडलं का नाही, ते सांगा की.’

राग आला. आठ दिवस आम्ही काकांकडे फिरकलो नाही. मग हळूहळू लक्षात आले की म्हातारा बरोबर बोलतोय. एकशे चाळीस पानांत आमचा वॉलमन एकदाही वॉल उघडत नव्हता. तो वॉलमन आहे असे बाकीचे लोक बोलायचे, एवढेच. वॉलची चावी कशी दिसते, कोणत्या बाजूला फिरते, हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. आपल्याच माणसाची गोष्ट, पण आम्ही ती गावाबाहेरून लिहिली होती, जशी आपल्याविषयी इतर लोक लिहितात तशी.

मग चार दिवस गावात जाऊन राहिलो. चुलतभावाबरोबर पहाटे तीनला उठलो, कारण शेतीची लाइट रात्रीची आणि मोटर तेव्हाच चालायची. वॉलचे खड्डे पाहिले. आत बेडूक, कधी साप. तो आधी काठीने ठोकून बघायचा, मग लांब दांड्याची लोखंडी चावी खाली सोडायचा. कितव्या आट्याला पाणी सुटते ते त्याला हाताला कळायचे. आणि तिसऱ्या दिवशी एक गोष्ट कळली, जी आम्ही नागसेनवनात बसून कधीच रचू शकलो नसतो. आपली वस्ती लाइनच्या शेवटच्या टोकाला होती. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी तिथे धार बारीकच. वस्तीची लाइन आधी सोडली तरच तिथे भांडी भरायची. पण त्याने ती आधी सोडली की गाव म्हणणार, बघा, आपल्या लोकांना आधी देतो. आणि नाही सोडली तर स्वतःची आई घागर घेऊन रांगेत शेवटी.

हे कळले आणि पिक्चर सापडला.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमची मैत्रीण पहिल्या दिवसापासून विचारत होती, ‘त्याची आई कुठंय?’ आम्ही दोघे तिला म्हणायचो, आई नंतर बघू, आधी संघर्ष नीट बसू दे. व्यवस्थेला रात्रंदिवस शिव्या घालणारे आम्ही तिचे वाक्य मध्येच तोडायचो. गावाहून आल्यावर तिने आम्हाला न विचारता एक पान लिहून आणले. ते असे होते :

दृश्य १२. बाह्य. वॉलचा खड्डा. पहाट.
तो खड्ड्यात उतरून चावी बसवतो. वर काठावर आई उभी, कमरेवर रिकामी घागर. दोघे बोलत नाहीत. तो गावाच्या लाइनचा वॉल उघडतो. पाण्याचा आवाज. आई घागर तिथेच काठावर ठेवते आणि निघून जाते. तो घागरीकडे बघत राहतो.

बस, एवढेच. आमची दहा पानांची दोन्ही भाषणे या पाच ओळींपुढे निकालात निघाली. काकांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, ‘पुढं?’

ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘पुढं?’ निघाले की समजायचे, पटकथा सुरू झाली.

काही कार्यकर्ते मित्र इथे आमच्यावर चिडतात. म्हणतात, म्हणजे विचार सोडायचा का? चळवळीचे साहित्य पवित्रा घेणारच. मान्य. पण पवित्रा घेण्यासाठी भाषणच लागते हे कुणी सांगितले? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. भिक्षुकशाहीवर निबंध लिहिण्याची ताकद त्यांच्याकडे होतीच, पण त्यांनी काय केले, तर एका गरोदर कुणबी बाईच्या दारात जोशी उभा केला आणि ग्रहांची भीती घालून तो त्या घराला कसा लुबाडतो ते माणसांच्या बोलण्यातून दाखवले. ते नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, कमिटीने नाकारले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते छापलेसुद्धा गेले नाही. तेव्हा एखाद्या निर्मात्याने तुमची स्क्रिप्ट परत केली म्हणून खचून जाऊ नका, आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे. भीमराव कर्डकांचे जलसे घ्या. रात्रभर माणसे बसून राहायची ती उपदेश ऐकायला नव्हे. सवाल-जवाब असायचे, टवाळी असायची, सोंगे असायची. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते.

२०१४ च्या फेब्रुवारीत आम्ही ‘फँड्री’ पाहिला. डुक्कर काठीला बांधून घरची माणसे निघालीत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा. कुणी एक शब्द बोलत नाही. थिएटरात आमच्या मागच्या रांगेतली पोरे तोवर शिट्ट्या मारत होती, ती गप्प झाली. तसेच ‘परियेरुम पेरुमाळ’. मारी सेल्वराजचा २०१८ चा तमिळ चित्रपट, निर्माता पा. रंजित. त्याच्या शेवटी चहाचे दोन ग्लास आणि मध्ये एक फूल दिसते. नीरज घेवानच्या ‘गीली पुच्ची’त चहा कुणाला कशातून दिला एवढ्यावरून सगळी जात उघडी पडते. आणि त्यातली ब्राह्मण बाई खलनायिका नाही बरे का, ती गोडच आहे. तिच्या गोडपणासकट ती जात पाळते. समोरचे पात्र नुसते दुष्ट रंगवले की प्रेक्षक हायसे होऊन घरी जातो, कारण तो स्वतःला दुष्ट समजत नसतो.

हे चित्रपट एकदा बघून भागत नाही. तिसऱ्यांदा बघताना आवाज बंद करा आणि वही घेऊन बसा. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ लिहा : कुणाला काय हवे आहे, कोण आडवे येते, प्रसंग संपताना काय बदलले. पूर्ण चित्रपटाच्या साठ-सत्तर ओळी होतील. आम्ही असे तीन चित्रपट उतरवून काढले. पटकथेवरची इंग्रजी पुस्तके आम्हाला नंतर मिळाली आणि ती वाचताना फारसे अडले नाही.

आपल्या पोरांची आणखी एक खोड आहे आणि ती आमचीही होती. आपण फक्त दुःख लिहितो. अत्याचार, जाळपोळ, पोलीस, कोर्ट. हे सगळे खरे आहे, पण आपल्या वस्तीत माणसे दिवसभर रडत बसलेली नसतात. आमच्या वॉलमन भावाला मोबाइलच्या रिंगटोनचा भारी नाद होता. कुणी पाण्यासाठी फोन केला की तो मुद्दाम उचलायचा नाही, गाणे पूर्ण वाजू द्यायचा. ती छोटीशी मिजास आम्ही पहिल्या खर्ड्यात घेतलीच नव्हती, ‘नायकाला शोभत नाही’ म्हणून. दुसऱ्यात घेतली आणि तो माणूस झाला.

मांडणीचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही, पण ती पाळा, कारण मांडणी चुकली की समोरचा दुसरे पान उलटत नाही. प्रत्येक दृश्याला क्रमांक, आत की बाहेर, जागा, वेळ. मग काय दिसते ते वर्तमानकाळात. मग संवाद. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, म्हणजे शंभर ते एकशेवीस पाने पुरतात. पात्राच्या मनात काय चालले आहे ते लिहू नका, कॅमेऱ्याला मन दिसत नाही. ‘त्याला अपमान वाटला’ असे लिहायचे असेल तर तो हाताने काय करतो ते लिहा. युनिकोडमध्ये टाइप करा, सॉफ्टवेअर फुकटचे चालते, गूगल डॉक्सवरही भागते. महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून लिहिणे अडले आहे असे कुणी सांगितले की आम्हाला हसू येते. अण्णाभाऊ साठे चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहीत होते आणि त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. स्क्रिप्टच्या आधी चार गोष्टी वेगळ्या तयार ठेवा : दोन ओळींत गोष्ट, एका पानात गोष्ट, दहा पानांत गोष्ट, आणि सगळ्या प्रसंगांची यादी, जिला या धंद्यात वनलाइन म्हणतात. मुंबईत आधी हेच मागतात.

आता मुंबईचा विषय.

२०१२ च्या पावसाळ्यात आम्ही देवगिरी एक्स्प्रेसने गेलो. एका ओळखीच्या ओळखीने अंधेरीतल्या एका निर्मिती संस्थेत वेळ मिळाली होती. माणूस गोड होता. त्याने चहा पाजला, दोन तास गोष्ट ऐकली, घागरीच्या प्रसंगाला ‘क्या बात है’ म्हणाला. जाताना आम्ही छापील प्रत टेबलावर ठेवून आलो. प्रतीवर आमची नावे नव्हती. साधेपणा दाखवायला नव्हती, सुचलेच नव्हते. परतीच्या गाडीत आम्ही नायक कोण करणार यावर भांडलो.

आठ-नऊ महिन्यांनी आमच्या मैत्रिणीच्या आईने तिला हाक मारून टीव्हीसमोर बसवले. मालिकेत एक गाव होते, पाण्याची टाकी होती आणि वॉलचा खड्डा होता. खड्ड्याच्या काठावर घागर ठेवून एक बाई निघून गेली. फक्त आता वॉलमन दारुडा होता, आणि शहरातून शिकून आलेला पाटलाचा मुलगा त्याच्या हातातून चावी काढून घेऊन गावाला पाण्याची शिस्त लावत होता.

मैत्रीण त्या रात्री जेवली नाही. तिचे पान होते ते.

वकिलाकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हे तुम्ही त्यांच्या आधी लिहिलं, याचा कागद काय?’ नोंदणी नाही, ईमेल नाही, पोच नाही. बाबासाहेबांच्या लेकरांनी कायद्याचा साधा विचारही केला नव्हता! ही लाज आम्ही आजवर पोटात ठेवली होती.

म्हणून आता नीट ऐका. कायद्याने लेखकाचा हक्क लिहिताक्षणीच तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण सिद्ध करायची वेळ आली की तारीख लागते. आणि नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले होते. चित्रपटवाल्यांना ते वाचून दाखवले. १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ चित्रपट आला, आणि आनंद यांना वाटले की हे आपलेच नाटक. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर स्वामित्वहक्क नसतो, ते ज्या रूपात मांडले त्या मांडणीवर असतो. याचा आपल्यापुरता अर्थ काय? ‘एक दलित वॉलमन आहे’ ही कल्पना कुणीही घेऊ शकतो. बारा क्रमांकाचे दृश्य त्यातल्या घागरीसकट उचलले तर ती चोरी, पण ते दृश्य तुमच्याकडे आधी लिहिलेले आणि तारखेसह नोंदलेले पाहिजे. फोनवर तोंडी स्टोरी सांगणे म्हणजे उघड्यावर पीक वाळत घालून बाजाराला जाणे.

मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. सदस्य व्हा, स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाइन होते, खर्च फार नाही, आणि वाद झाला तर त्यांची तक्रार ऐकणारी समिती आहे. प्रत पाठवायची ती ईमेलने आणि पीडीएफमध्ये, प्रत्येक पानावर नाव. भेट झाली की त्याच संध्याकाळी ‘आज आपल्याला अमुक पटकथा ऐकवली, आभार’ असा ईमेल टाकायचा. सभ्यपणाही होतो आणि पुरावाही. करार आला तर घाईने सही नको. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी कागदावरच देता येतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. म्हणूनच करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द बारीक अक्षरांत शोधून काढा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीवर लेखकाचा हक्क राहतो, तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. आणि स्वामित्वहक्कच्या कायद्याचे ५७ वे कलम वाचा. हक्क विकले तरी हे मी लिहिले आहे असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. आपल्या वस्तीत वकिली करणारी पोरे आता कमी नाहीत, त्यांना दोन तास बसवा. चळवळीत वकिलाची गरज फक्त अॅट्रॉसिटीच्या केसलाच असते असे नाही.

पुढे दुसरा एक निर्माता भेटला, तो चोर नव्हता. त्याला गोष्ट मनापासून आवडली होती. म्हणाला, ‘फक्त जात काढू या. वॉलमन गरीब आहे, एवढं पुरे.’ हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाला ऐकावे लागणार आहे, म्हणून उत्तर आत्ताच तयार ठेवा. गरिबाची आई घागर काठावर ठेवून गेली तर ती मुलावर रुसली एवढाच अर्थ होतो. आमच्या आईने ठेवली तर त्यात तीन पिढ्यांची तहान असते. जात काढली की प्रसंग तोच राहतो आणि अर्थ मरतो. ‘सैराट’चा हिंदीत ‘धडक’ होताना जात कशी पुसट झाली ते आपण २०१८ साली पाहिलेच आहे. उलट बाजूने, ‘आर्टिकल १५’ मध्ये जात भरपूर बोलली जाते, पण न्याय मिळवून देतो तो ब्राह्मण पोलीस अधिकारी.

मग तडजोड करायचीच नाही? करायची. हट्टाने घरात बसलेली स्क्रिप्ट कुणाच्याही कामाची नाही. आम्ही स्वतःपुरती एक रेघ मारली आहे. गावाचे नाव बदला, गाणी वाढवा, शेवट उलटा करा, बोली थोडी सौम्य करा, बोलायला तयार आहोत. पण गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोण घेतो, ते बदलायचे नाही. चावी त्याच्या हातात राहिली पाहिजे. त्याने पाणी सोडावे, न सोडावे, चुकावे, पस्तावावे, पण हात त्याचाच. या एका रेघेमुळे तो निर्माता गेला. आम्हाला त्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू, पैशाची गरज होती.

पैशाचे बोलायलाच हवे, कारण आपल्याकडे त्यावर कुणी बोलत नाही. स्वप्नासाठी नोकरी सोडा, असे सांगणाऱ्यांच्या पाठीशी बहुधा बापाचा फ्लॅट असतो. आपल्या मागे घरी पैसे पाठवायची तारीख असते. नोकरी सोडू नका. रोज पहाटे एक पान लिहा, चार महिन्यांत एक खर्डा होतो. आम्ही तिघांपैकी एक जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, एक विमा विकतो, मैत्रीण मालिकांचे संवाद लिहिते. मालिकेचे काम कमी लेखू नका. तिथे एपिसोडप्रमाणे पैसे मिळतात, उद्याचे दृश्य आज रात्री द्यावे लागते, हाताला वळण लागते. मात्र कामाआधी थोडी रक्कम घ्या आणि श्रेयनामावलीत नाव कुठे येणार ते लिहून घ्या. शिकायची संधी असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, सरकारी संस्था आहे, आपल्या राखीव जागा आहेत, त्या रिकाम्या जाऊ देऊ नका. एनएफडीसीची पटकथा कार्यशाळा २००७ पासून चालते, तिथे स्क्रिप्ट पाठवता येते. यातले काहीच जमत नसेल तर मोबाइलवर दहा मिनिटांची फिल्म करा. नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केला तेव्हा ते अहमदनगरला शिकत होते. त्या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘फँड्री’ नंतर आला.

आमची वॉलमनची स्क्रिप्ट अजून पडद्यावर आलेली नाही. सध्या सहावा खर्डा आहे, नोंदवलेला, प्रत्येक पानावर तिघांची नावे, सगळ्यात वर मैत्रिणीचे. कंडक्टर काका आता नाहीत.

गेल्या महिन्यात ज्याचा फोन आला होता, त्या पोराने नाराज होऊन का होईना, परवा चार पाने पाठवली. त्याची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. पहिली दोन पाने गावाचे वर्णन, सूर्योदय, मंदिराची घंटा. ती आम्ही खोडली. तिसऱ्या पानावर हे होते : खिचडी शिजते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने ती चाखून चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. आई ताटलीत दोन घास काढून गुरुजींपुढे ठेवते. गुरुजी वही ओढतात, ‘चव उत्तम’ लिहितात, सही करतात. ताटली तशीच. आई ती उचलून परत चुलीकडे जाते.

त्याने खाली विचारले होते, ‘दादा, इथं आईच्या तोंडी एक डायलॉग टाकू का, संविधानावर?’ आम्ही कळवले, आधी शाळेत जाऊन ती वही बघून ये. रकाने किती, शेरा कोणत्या रंगाच्या पेनाने, किती दिवसांच्या सह्या एकदम केलेल्या दिसतात. सोमवारी जातो म्हणाला.